आकाशवाणीला मुलांचे प्रश्न



आपल्या पुराणांत आकाशवाणी वारंवार होत असते. देवकीचा विवाह झाल्यावर कंस स्वतः तिचा रथ हांकीत असतां जी आकाशवाणी झाली ती आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्या वाणीनें कंसाला त्याचें मरण सांगितलें आणि ती थांबली. कंस मोठा पराक्रमी खरा; पण त्या वाणीला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्यालाहि नव्हती. ही वाणी कोणाची, ती कोठून आली, तिचें म्हणणें कशाच्या आधारावर खरें मानावें, यांपैकीं एकाहि गोष्टीचा खुलासा त्याला मिळाला नाहीं. आकाशानें बोलावें आणि पृथ्वीनें निमूटपणें ऐकून घ्यावें, असाच त्या व्यवहाराचा नियम होता.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ह्या नियमाच्या अगदीं उलट आहे. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकांतील मनुष्याला एखाद्या शाळेंतील दहा-बारा वर्षांचें मूल प्रश्न विचारतें, आणि आकाशांतून त्या मुलाला उत्तर येतें. इ. स. २००० च्या अखेरीपासून आजवर असा प्रसंग निरनिराळ्या देशांत मिळून हजाराहून अधिक वेळां घडला आहे. उत्तर येतें ह्याचें नवल आहेच. पण त्याहून मोठें नवल असें कीं, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलांना प्रथम मिळवून दिला तो राजसत्तेनें नव्हे, तर निरपेक्ष हौसेनें. तो कसा मिळाला, आणि आपल्या देशांतील मुलांच्या पदरीं तो कायमचा पडावा म्हणून काय करावयास हवें, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

‘हौसेला मोल नाहीं’ असें आपण म्हणतों. बहुधा एखाद्याच्या उधळेपणावर पांघरूण घालण्यासाठींच ही म्हण आपल्या तोंडीं येते. परंतु बिनतारी विद्येच्या एका शाखेंत हौसेचें मोल न घेणें हा नियमच करून ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलींत हौशी रेडिओसेवेची व्याख्या आहे. आत्मशिक्षण, परस्परांशीं संपर्क आणि यंत्रविषयक शोध ह्या हेतूंनीं, केवळ स्वतःच्या आवडीपोटीं आणि द्रव्यलाभाची अपेक्षा न धरतां जी चालवावयाची ती ही सेवा, असा त्या व्याख्येचा आशय आहे. अशा लोकांना इंग्रजींत ‘हॅम’ म्हणतात. त्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार. सरकारची परीक्षा देऊन ते परवाना मिळवितात. परवान्याबरोबर त्यांना अक्षरें व अंक यांचें एक संकेतनाम मिळतें. आणि स्वतःच्या पैशानें घेतलेल्या अथवा स्वतःच्या हातानें जुळविलेल्या यंत्रावरून ते घरबसल्या जगभरच्या अनोळखी माणसांशीं बोलतात. ह्या लोकांनीं शाळेला आकाशाची वाट दाखविली.

ह्या इतिहासाचा पहिला अध्याय केवळ ऐकण्याचा आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ‘स्पुट्निक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. त्यावरील यंत्र २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर ‘बीप, बीप’ असा नाद करीत असे. हौशी लोकांजवळच्या ग्राहकयंत्रांवर तो नाद ऐकूं येण्याजोगा होता, आणि बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे सुमारें तीन आठवडे, देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं तो कान देऊन ऐकला. पुढें चारच वर्षांनीं, १२ डिसेंबर १९६१ रोजीं, अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या हौशी मंडळींनीं स्वतः बनविलेला ‘ऑस्कर’ नांवाचा उपग्रह आकाशांत गेला. त्याचें वजन सुमारें साडेचार किलोग्रॅम होतें. एका मोठ्या लष्करी उपग्रहाच्या रॉकेटमध्यें तोल सांभाळण्यासाठीं जें वजन घालावयाचें, त्याच्या जागीं ह्या चिमुकल्याची वर्णी लागली. तो मोर्सच्या लिपींत आधीं चार ठिपके आणि मग दोन ठिपके वाजवी. त्यांचा अर्थ ‘हाय’ एवढाच. हौशी माणसांच्या यंत्रानें आकाशांतून पृथ्वीला केलेला हा पहिला नमस्कार होय.

नुसतें ऐकून मुलांच्या पदरांत काय पडतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इंग्लंडांतील केटरिंग ग्रामर स्कूल ह्या शाळेनें देऊन ठेवलें आहे. तेथें जेफ्री पेरी हे पदार्थविज्ञान शिकवीत आणि डेरेक स्लेटर हे रसायनशास्त्र शिकवीत. स्लेटर हे स्वतः हौशी बिनतारीवाले होते. ह्या दोघा शिक्षकांनीं १९६० च्या सुमारास शाळेंत एक ग्राहकयंत्र मांडलें आणि मुलांना रशियन उपग्रहांचे आवाज ऐकावयास बसविलें. आगगाडी जवळ येत असतां तिच्या शिटीचा स्वर चढा वाटतो आणि ती पुढें निघून गेली कीं तो उतरतो. ह्याला डॉप्लर परिणाम म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींतहि असाच चढउतार होतो, हें मुलांना कानांनीं कळावें, एवढाच मूळचा हेतु. पण मुलें वेळा टिपून ठेवूं लागलीं, टिपणांचीं कोष्टकें झालीं, आणि कोष्टकांवरून उपग्रहांचे मार्ग आंखले जाऊं लागले. मार्च १९६६ मध्यें ‘कॉस्मॉस ११२’ नांवाचा उपग्रह वर गेला, तेव्हां त्याचा मार्ग नेहमींच्या तळावरून निघालेल्या उपग्रहांच्या मार्गांशीं जुळेना. त्याच वर्षीं पुढें दुसऱ्या एका उपग्रहाचा मार्ग त्याच्याशीं ताडून पाहिला, तेव्हां दोन्ही रेषा रशियाच्या उत्तर भागांत प्लेसेट्स्क गांवाजवळ एकमेकींस मिळाल्या. एका बलाढ्य राष्ट्रानें गुप्त ठेवलेला नवा क्षेपणतळ एका शाळेनें शोधून काढला होता! सोव्हिएट सरकारनें त्या तळाचें अस्तित्व उघडपणें मान्य केलें तें १९८३ सालीं. शाळेच्या वह्यांत जें सिद्ध होऊन बसलें होतें, तें सरकारी कागदावर उमटावयास आणखी सतरा वर्षें लागलीं.

मी स्वतः जन्मभर खडू हातांत धरून उदरनिर्वाह केला. त्यामुळें ह्या केटरिंगच्या कथेचें मला विशेष अगत्य वाटतें. त्या शिक्षकांनीं मुलांना निष्कर्ष सांगितले नाहींत. कान दिले, घड्याळ दिलें आणि धीर दिला. ह्यापेक्षां अधिक शिक्षक काय देऊं शकतो? तथापि हाहि व्यवहार एकतर्फीच होता. वरून आवाज येई. खालून त्याला विचारतां कांहींच येत नसे. प्रश्न विचारावयाचा तर वर ऐकणारा मनुष्य हवा, आणि त्या मनुष्याला ऐकण्याची हौस हवी.

तसा मनुष्य ओवेन गॅरिअट यांच्या रूपानें लाभला. अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत एनिड गांवीं १९३० सालीं त्यांचा जन्म झाला. लहानपणींच वडिलांच्या सोबतीनें त्यांनीं मोर्सची लिपि शिकून घेतली आणि हौशी परवाना मिळविला. पुढें उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांचा अभ्यास करून १९६० सालीं त्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरची पदवी घेतली. १९७३ सालीं ते ‘स्कायलॅब’ ह्या स्थानकांत ५९ दिवस राहिले. त्या स्थानकांत हौशी लोकांचें एक यंत्र असावें अशी सूचना हौशी मंडळांनीं केली होती. पण तो बेत सिद्धीस गेला नाहीं. हौशी माणसें नकारानें खचत नाहींत, कारण त्यांचें पोट त्या कामावर अवलंबून नसतें. दहा वर्षें वाट पाहिल्यावर, २८ नोव्हेंबर १९८३ रोजीं ‘कोलंबिया’ हें अंतराळयान निघालें, तेव्हां गॅरिअट यांच्या सामानांत हातांत मावेल एवढें एक रेडिओयंत्र होतें.

त्याची एरिअल यानाच्या खिडकीशीं बसविली होती. नेमून दिलेलें काम आटोपल्यावर जो विसाव्याचा वेळ मिळे तेवढाच ह्या कामीं वापरावयाचा अशी अट होती. ‘डब्ल्यू-५-एल्-एफ्-एल्’ हें आपलें संकेतनाम उच्चारून त्यांनीं हांक मारली, आणि अमेरिकेच्या माँटाना संस्थानांतील एका हौशी माणसानें तिला ओ दिली. अंतराळांतील मनुष्य आणि पृथ्वीवरील हौशी मनुष्य यांचें हें पहिलें संभाषण. त्या एका फेरींत गॅरिअट सुमारें अडीचशें लोकांशीं बोलले. त्यांत जॉर्डनचे राजे हुसेन होते, आणि १९६४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभे राहिलेले सिनेटर गोल्डवॉटर हेहि होते. कारण हे दोघेहि परवानाधारक हौशी होते. बाकीचे तुमच्या-आमच्यासारखे सामान्य गृहस्थ. बिनतारीच्या दरबारांत राजाचें नांव ‘जे-वाय्-१’ एवढेंच असतें. किताब, पदव्या, सिंहासन हीं सर्व बाहेर काढून ठेवावयाचीं आणि मग बोलावयाचें. मुलांना आंत येण्यास दार उघडावयाचें तें अशाच दरबाराचें. अन्यत्र त्यांना कोण उभें करणार होतें?

१९८५ सालच्या उन्हाळ्यांत ‘चॅलेंजर’ यानांतून टोनी इंग्लंड यांनीं ह्याच मार्गानें चित्रेंहि पाठवून दाखविलीं. त्याच यानांतून पुढच्या वर्षीं ख्रिस्टा मॅकॉलिफ नांवाच्या शिक्षिका निघाल्या. आकाशांतून दूरचित्रवाणीच्या द्वारें शाळांना धडे देण्याचें काम त्यांच्याकडे होतें. २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांनीं यान भंगलें आणि सातहि जण प्राणांस मुकले. मुलें आपापल्या वर्गांत बसून तें दृश्य पाहत होतीं. त्या शिक्षिकेच्या जागीं पर्यायी म्हणून निवडलेल्या दुसऱ्या शिक्षिका बार्बरा मॉर्गन. त्यांनीं पुन्हां वर्गांत जाऊन शिकविलें, पुढें अंतराळवीराचें पुरें शिक्षण घेतलें, आणि एकवीस वर्षांनीं, ऑगस्ट २००७ मध्यें, त्या आकाशांत गेल्या. हौशी परवाना त्यांनींहि मिळविला होता, आणि त्या फेरींत शाळेच्या मुलांशीं त्या रेडिओवरून बोलल्या. अपुरा राहिलेला तास दुसऱ्या शिक्षिकेनें पुरा केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंत हें घडत असतां रशियांतहि वेगळें कांहीं घडत नव्हतें. ‘मीर’ ह्या रशियन स्थानकांत नोव्हेंबर १९८८ पासून हौशी यंत्र चालूं झालें. व्लादिमिर टिटोव्ह आणि मुसा मनारोव्ह हे त्यावरून बोलूं लागले. मे १९९१ मध्यें हेलन शार्मन ह्या सत्तावीस वर्षांच्या रसायनज्ञ बाई त्या स्थानकांत गेल्या. अंतराळांत जाणारी ती पहिली ब्रिटिश व्यक्ति. तेथून त्या आपल्या देशांतील शाळांच्या मुलांशीं हौशी रेडिओवरून बोलल्या. आठ दिवसांनीं त्या परतल्या. पण त्यांच्याबरोबर गेलेले सर्गेई क्रिकालेव्ह हे वरच राहिले. ते वर असतां डिसेंबर १९९१ मध्यें त्यांचें सोव्हिएट राष्ट्रच विलयास गेलें. ते निघाले तेव्हां त्यांच्या जन्मगांवाचें नांव लेनिनग्राड होतें. ३११ दिवसांनीं, मार्च १९९२ मध्यें, ते परतले तेव्हां तें सेंट पीटर्सबर्ग झालें होतें. ह्या दीर्घ मुक्कामांत पृथ्वीवरील हौशी मंडळींशीं त्यांचें बोलणें चालूं असे. खालीं राज्यें मोडत होतीं, सरहद्दी बदलत होत्या, आणि वरून एक मनुष्य अनोळखी लोकांना ‘ऐकूं येतें का?’ म्हणून विचारीत होता! हौशी माणसांचें जाळें राष्ट्रांच्या जाळ्याहून चिवट असतें, हें त्या वर्षीं दिसून आलें.

१९९६ सालीं अमेरिकेंतील हूस्टन येथें आठ देशांच्या हौशी मंडळांचे प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकासाठीं त्यांनीं एकच संयुक्त संघटना उभी केली. २ नोव्हेंबर २००० रोजीं स्थानकांत तिघे पहिले रहिवासी दाखल झाले. त्यांचे प्रमुख विल्यम शेफर्ड. सोबत्यांपैकीं एक तेच क्रिकालेव्ह. स्थानकांत पाऊल ठेवून दोन आठवडे होतात न होतात तोंच तेथील हौशी यंत्र बोलूं लागलें. आणि २१ डिसेंबर २००० रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतील ल्यूथर बरबँक ह्या शाळेच्या मुलांनीं शेफर्ड यांना प्रश्न विचारले. स्थानक आणि शाळा यांच्या संभाषणांची जी परंपरा आजहि चालूं आहे तिचा आरंभ हा.

आतां हें संभाषण होतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असतें. मुंबईहून पुण्यास पोंचावयाचें तर त्याला वीस सेकंदहि लागणार नाहींत. सुमारें ९३ मिनिटांत त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते. येथें ज्या लहरी वापरतात त्यांची लांबी दोन मीटर असते आणि त्या सरळ रेषेंत जातात. म्हणून स्थानक क्षितिजावर उगवलें कीं बोलणें सुरू, आणि पलीकडे मावळलें कीं बंद. स्थानकावरून चहूंकडे सुमारें २,२०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश ह्या टप्प्यांत येतो. तें नागपूरच्या डोक्यावर असेल तेव्हां भारताच्या मुख्यभूमीचा कोपरान्कोपरा त्याच्या नजरेखालीं असतो. परंतु वेगामुळें हा योग क्षणभंगुर ठरतो. अगदीं माथ्यावरून गेलें तरी एका गांवाला स्थानक मिळतें तें जेमतेम दहा मिनिटें.

तेवढ्या दहा मिनिटांत हौशी मंडळींना कित्येक व्यवधानें सांभाळावीं लागतात. माशाच्या कांट्यासारख्या दिसणाऱ्या एरिअली स्थानकाच्या रोखानें सारख्या फिरत्या ठेवाव्या लागतात. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. पण केटरिंगच्या मुलांनीं ऐकला तोच डॉप्लरचा चढउतार येथेंहि आडवा येतो आणि लहर साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत मागेंपुढें सरकते. ज्या शाळेजवळ असें केंद्र नसेल तिच्यासाठीं दूर देशींचें एखादें केंद्र स्थानकाशीं संधान बांधतें आणि तेथून तारेनें आवाज शाळेपर्यंत पोंचवितें. शाळेंत मुलें रांगेनें उभीं असतात. एक मूल ध्वनिक्षेपकाशीं येतें, आपलें नांव आणि प्रश्न सांगतें, आणि ‘ओव्हर’ म्हणून थांबतें. ‘ओव्हर’ म्हणजे माझें संपलें, आतां तुमची पाळी. उत्तर आलें कीं दुसरें मूल पुढें होतें. एका फेरींत दहा ते वीस प्रश्न होतात. कधीं कधीं हांकेमागून हांक मारूनहि आकाशांतून कांहींच येत नाहीं. सारी शाळा श्वास रोखून नुसता खरखराट ऐकत राहते. मग पहिला शब्द उमटला म्हणजे होणारा आनंद काय वर्णावा! आणि तो उमटलाच नाहीं, तर निसर्ग आणि यंत्र हीं दोन्ही आपलीं चाकर नव्हत, हाहि एक धडाच होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. अंतराळवीर काय खातात, कसे झोपतात, भिंत कोणती आणि छत कोणतें हें त्यांना कसें कळतें, ह्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें आज इंटरनेटवर सचित्र मिळतात. स्थानकांतील माणसांचें हालतें-बोलतें दर्शन मोबाईलच्या पडद्यावर घरबसल्या घडतें. मग खरखरत्या आवाजांतील वीस वाक्यांसाठीं महिनोगणती खटाटोप कशाला?

माझें उत्तर असें. मिळालेलें उत्तर हें ह्या उपक्रमाचें फळ नव्हेच. विचारलेला प्रश्न हें त्याचें फळ आहे. एरव्हीं मूल दिवसाकांठीं शंभर प्रश्न फेंकतें, कारण प्रश्नाला किंमत द्यावी लागत नाहीं. येथें साऱ्या शाळेला मिळून दहा मिनिटें आहेत. आपण जास्त बोललों तर मागच्या मुलाची पाळी बुडेल, हें प्रत्येकाला पुरतें ठाऊक असतें. म्हणून प्रश्न घांसून घ्यावा लागतो. पुस्तकांत मिळण्यासारखें असेल तें गाळावें लागतें. आणि जें त्या माणसाशिवाय दुसरा कोणी सांगूं शकणार नाहीं तेवढेंच उरतें. कठोपनिषदांतील नचिकेता यमाच्या दारीं तीन रात्री अन्नावांचून राहिला, तेव्हां त्याला मागण्याचा अधिकार आला. प्रश्नाआधीं प्रतीक्षा असली म्हणजे प्रश्नाला तेज चढतें. शिवाय ‘ओव्हर’ म्हणून थांबणें, आणि दुसरा बोलत असतां मध्यें न बोलणें, ही शिस्त यंत्रच लावतें. एकाच वेळीं दोघे बोलले तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. आमच्या सभांना, आणि घरांनाहि, ही शिस्त उसनी घेतां आली असती तर किती बरें झालें असतें!

आतां आपल्या देशाकडे वळूं. ह्या विद्येंत आपण मागें आहोंत असें नाहीं. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ हा खास हौशी लोकांसाठीं बनविलेला भारतीय उपग्रह आकाशांत गेला, आणि २०१४ पर्यंत जगभरच्या हौशी मंडळींनीं त्याचा उपयोग केला. त्यावरील दोन प्रक्षेपकांपैकीं एक हॉलंडच्या एका विद्यार्थ्यानें तयार केलेला होता. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं एक किलोग्रॅमहूनहि कमी वजनाचा ‘स्वयम्’ नांवाचा उपग्रह स्वतः घडविला, आणि २२ जून २०१६ रोजीं तो इस्रोच्या रॉकेटवरून आकाशांत गेला. हौशी लोकांचे निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें हाच त्याचा उद्देश होता. हरियाणांतील कर्नाल गांवीं जन्मलेल्या आणि २००३ च्या कोलंबिया-अपघातांत निवर्तलेल्या कल्पना चावला यांनींहि हौशी परवाना घेतलेला होता.

आणि २०२५ सालीं आपल्या मुलांनाहि आपल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा योग आला. २५ जून रोजीं निघालेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ल हे अंतराळस्थानकांत पोंचलेले पहिले भारतीय. ४ जुलै रोजीं बंगळूर येथील इस्रोच्या यू. आर. राव उपग्रहकेंद्रांत जमलेल्या विद्यार्थ्यांशीं ते हौशी रेडिओवरून बोलले. १९८४ सालीं राकेश शर्मा अंतराळांत गेले तेव्हां देशाच्या वतीनें पंतप्रधानांनीं त्यांना प्रश्न विचारला होता, आणि आम्ही सर्वांनीं तो ऐकला होता. एकेचाळीस वर्षांनीं प्रश्न विचारणारें तोंड मुलांचें होतें. देशाची प्रगति मोजावयाचीं मापें पुष्कळ आहेत. हेंहि त्यांतलें एक मानावें असें मला वाटतें.

परंतु ह्या सुखावर विसंबून राहतां येणार नाहीं. सध्यांचें आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करून समुद्रांत उतरविण्याचा बेत जाहीर झालेला आहे. त्याच्याबरोबर तेथील यंत्रहि मूक होईल. भारतानें २०३५ पर्यंत स्वतःचें अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्प सोडला आहे. त्यांत प्रयोगशाळा असेल, दूरदर्शी यंत्रें असतील, संरक्षणाच्या गरजांचाहि विचार होईल. ह्या मोठ्या व्यवहारांत शाळेच्या मुलांचें एक लहानसें रेडिओयंत्र आणि खिडकीशीं एक एरिअल ह्यांना जागा मिळेल काय? इतिहास पाहतां ती आपोआप मिळत नाहीं. स्कायलॅबच्या वेळीं ती मिळाली नाहीं. कोलंबियाच्या वेळीं मिळाली ती सतत मागणी केल्यामुळें मिळाली. स्थानकाची आंखणी कागदावर असतांनाच ही मागणी झाली पाहिजे, कारण भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी पाडणें कठिण जातें.

ही मागणी कोणी करावयाची? ज्यांच्यापाशीं परवाना आहे त्यांच्या शब्दाला वजन राहील. आपल्या देशांत बारा वर्षें पूर्ण झालेल्या कोणाहि मुलाला वा मुलीला सरकारी परीक्षा देऊन हौशी परवाना मिळवितां येतो. विजेचे प्राथमिक नियम, यंत्राची ओळख आणि संभाषणाचे नियम एवढाच तिचा मुख्य भाग असतो. आपल्या माध्यमिक शाळांतील होतकरू मुलांना तो जड जाऊं नये. प्रत्येक तालुक्यांत दोन-चार शिक्षकांनीं आणि दहा-वीस मुलांनीं हें मनावर घेतलें, तर दहा वर्षांत महाराष्ट्रांत हांक मारणारांची आणि ओ देणारांची एक पिढी तयार होईल. ह्या संभाषणांना भाषेचें बंधन नाहीं; इटलीचा अंतराळवीर वर असला कीं तेथील मुलें त्याच्याशीं आपल्याच भाषेंत बोलतात. मग एखाद्या खेड्यांतील मराठी शाळेच्या मुलीनें शुद्ध मराठींत प्रश्न विचारावा आणि वरून मराठींतच उत्तर यावें, ही अपेक्षा अवास्तव कां मानावी? त्यासाठीं वर एखादा मराठी बोलणारा जाईलच. पण त्या दिवशीं खालीं प्रश्न तयार असला पाहिजे.

मोठ्या माणसांनीं आकाशाकडे पाहिलें तें बहुधा भयानें, नाहींतर सत्तेच्या लोभानें. हौशी माणसांनीं त्याच्याकडे शेजाऱ्याकडे पाहावें तसें पाहिलें आणि कुंपणावरून हांक मारली. आपल्या मुलांना हांक मारावयास शिकविणें हें आपल्या हातीं आहे. ही हौस आपल्या शाळांतून रुजो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.